घटकेचा भाव

इस्लामच्या व्यापारविषयक शिकवणुकीत मालाइतकाच वेळेचाही विचार केलेला आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जुमाच्या अजाननंतर खरेदी-विक्री थांबवावी, हा आदेश सर्वांना ठाऊक असतो. परंतु झाडावरील फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी ते विकू नये, शहराकडे येणाऱ्या काफिल्याला वाटेतच गाठून त्याचा माल घेऊ नये, आगाऊ मोबदला घेतला असेल तर माल देण्याची मुदत आधीच निश्चित करावी, हे आदेशही वेळेसंबंधीचेच आहेत. सौद्याची घटका कोणी ठरवली, ती का ठरवली आणि समोरच्या माणसाला त्या कारणाची कल्पना होती काय, असे प्रश्न मदीनेच्या बाजारात चौदाशे वर्षांपूर्वी विचारले गेले. क्रिप्टो चलनाच्या नावाखाली आज जी 'टोकन' विकली जात आहेत त्यांच्यासंबंधी हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आपल्या समाजात या विषयाची चर्चा बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते : क्रिप्टो हलाल की हराम? या प्रश्नावर जगभरच्या आलिमांचे एकमत नाही. तुर्कस्तानच्या धार्मिक व्यवहार खात्याने २०१७ मध्ये असा व्यवहार योग्य नसल्याचे सांगितले. इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती-ए-आझम शौकी अल्लाम यांनी त्याच सुमारास बिटकॉइनचा व्यवहार निषिद्ध ठरवला. उलट मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरीअत सल्लागार मंडळाने जुलै २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेचा व्यापार तत्त्वतः वैध मानला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टोचा वापर हराम ठरवला आणि माल म्हणून विक्रीसाठी कडक अटी घातल्या. या मतभेदाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तो मुफ्ती साहेबांचा अधिकार आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. मलेशियाचे सर्वांत उदार मत जरी आपण स्वीकारले तरी प्रश्न संपत नाही. गहू हलाल आहे, पण गव्हाचा प्रत्येक सौदा हलाल नसतो. तसेच टोकन वैध मानले तरी ते कोणत्या घटकेला, कोणत्या हेतूने बाजारात उतरवले, याची चौकशी उरतेच.

टोकन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली एक सामाईक नोंदवही असते. तिच्यात अमुक इतके एकक अमुक पत्त्याच्या नावे जमा आहेत, अशी नोंद असते. हे एकक म्हणजे टोकन. ते निर्माण करण्यास आज फारसे श्रम वा खर्च लागत नाही. खरा व्याप त्यानंतर सुरू होतो : एकूण टोकन किती, त्यांतील किती आज विकायचे, किती संस्थापकांनी व आरंभीच्या भांडवलदारांनी स्वतःकडे ठेवायचे, ते त्यांना विकण्यासाठी कधी मोकळे व्हायचे, आणि या सर्वांचा आरंभ कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला करायचा. या धंद्यातील लोक वेळेच्या निवडीला तंत्राइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक महत्त्व देतात. बाजार चढता असेल तर लाँच लवकर करायचा, पडता असेल तर लांबवायचा.

येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चांगल्या भावाची वाट पाहणे हा अपराध नाही. कांदा चाळीत साठवून ठेवणारा शेतकरी भावाचीच वाट पाहत असतो. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली असता आदरणीय प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही, भावाचा चढ-उतार अल्लाहच्या हाती आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणून नफा झाला, तोही वेळ साधून झाला, एवढ्यावरून कोणाला दोषी ठरवता येत नाही. संगणकप्रणाली तयार झाली नाही म्हणून लाँच पुढे ढकलणारा संस्थापक तर प्रामाणिकच म्हणावा लागेल. मग दोष कोठे सुरू होतो?

प्रथम फळाचे उदाहरण घेऊ. कोकणातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आंब्याला मोहोर आला की बाग कराराने देण्याची चाल तेथे आहे. पुढे पाऊस, तुडतुडे, उष्मा यांनी मोहोर गळाला की घेणारा आणि देणारा यांच्यात कटुता येते. मदीनेतही खजुराच्या बागांबाबत असेच तंटे होत. पीक बुडाल्यावर घेणारा सबबी सांगे आणि देणारा पैसे मागे. तेव्हा फळ तयार होण्याची चिन्हे दिसेपर्यंत त्याची विक्री करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. परंतु आगाऊ विक्रीचे दार त्यांनी पूर्णपणे बंद केले नाही. मदीनेचे लोक एक, दोन, कधी तीन वर्षांच्या मुदतीने फळांचे आगाऊ सौदे करीत. माप निश्चित असावे, वजन निश्चित असावे, मुदत निश्चित असावी, या अटींवर त्यांना परवानगी दिली गेली. यालाच 'सलम' म्हणतात. शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी पैसा आज मिळतो आणि घेणाऱ्याला काय, किती व कधी मिळणार हे पक्के ठाऊक असते.

आता टोकनच्या आगाऊ विक्रीकडे पाहा. इथेरियम या प्रकल्पाने २२ जुलै २०१४ पासून ४२ दिवस आपल्या 'इथर'ची आगाऊ विक्री केली. पहिल्या १४ दिवसांत एका बिटकॉइनला २००० इथर मिळत, नंतर हा आकडा उतरत उतरत शेवटी १३३७ वर आला. म्हणजे उशिरा येणाऱ्याला महाग पडावे, अशी रचना होती. घाई करवणारी ही रचना मला प्रशस्त वाटत नाही. पण ती जाहीर होती, दर सर्वांना सारखा होता आणि ३० जुलै २०१५ रोजी ते जाळे प्रत्यक्ष सुरू झाले. याउलट ईओएस या टोकनची विक्री जून २०१७ ते जून २०१८ अशी जवळजवळ वर्षभर चालली. तीत सुमारे ४०० कोटी डॉलर गोळा झाले. गंमत अशी की, विकणाऱ्या कंपनीने करारातच लिहून ठेवले होते की या टोकनला कोणताही हक्क, उपयोग वा गुणधर्म नाही. सलममध्ये मालाचे वर्णन सौद्याचा प्राण असते. येथे वर्णन होते ते 'काहीही नाही' असे. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने नोंदणीशिवाय विक्री केल्याबद्दल त्या कंपनीकडून २ कोटी ४० लाख डॉलर दंड घेतला. चारशे कोटींपुढे हा दंड किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तथापि आगाऊ विक्रीचा काळ आता बहुतांशी मागे पडला आहे. आजचा प्रकार निराळा आहे आणि तो समजण्यासाठी एका दुसऱ्या हदीसकडे वळावे लागते, जिचा उल्लेख आपल्या व्याख्यानांत कमी ऐकू येतो. अरबस्तानात काही लोक उंटीण वा शेळी विकायला काढण्यापूर्वी दोन-तीन दिवस तिचे दूध काढत नसत. कास तुंबून भरदार दिसे. घेणाऱ्याला वाटे, जनावर फार दुधाळ आहे. प्रेषितांनी (स.) या कृत्याला मनाई केली आणि असे जनावर घेणाऱ्याला तीन दिवसांपर्यंत ते ठेवण्याचा वा परत करण्याचा अधिकार दिला. परत करताना काय द्यावे, याच्या तपशिलाबाबत हनफी आणि शाफई फकीहांत मतभेद आहेत. कृत्य निषिद्ध असण्याबाबत नाहीत.

या हदीसचा थोडा अधिक विचार करा. विकणारा येथे एकही खोटे वाक्य बोललेला नाही. जनावर त्याचेच आहे, निरोगी आहे, कासेतले दूधही खरे आहे. त्याने फक्त वेळेशी खेळ केला आहे : जे दूध तीन दिवसांत यायचे ते एका दिवसावर आणून ठेवले. घेणाऱ्याची फसवणूक शब्दाने झाली नाही, घटकेने झाली. आणि उपायही वेळेचाच सांगितला गेला, कारण एकदा-दोनदा दूध काढल्याशिवाय खरे उत्पन्न कळत नाही.

आजचे कित्येक टोकन असेच कास तुंबवून बाजारात आणले जातात. शंभर टोकनांपैकी दहा-वीसच विक्रीला काढायचे, उरलेले कुलूपबंद ठेवायचे. थोड्या मालामागे मोठी गर्दी लागली की भाव भडकतो. त्या भडकलेल्या भावाला कुलूपबंद टोकनांसह सर्व टोकनांच्या संख्येने गुणून 'आमच्या प्रकल्पाचे मूल्य इतके अब्ज' असे जाहीर केले जाते. काही महिन्यांनी कुलपे उघडू लागतात, आतले लोक विकू लागतात आणि जनावर खरे किती दूध देते ते तेव्हा कळते. परत करण्याचे तीन दिवस मात्र येथे कोणालाच नसतात.

१७ जानेवारी २०२५ रोजी, शुक्रवारी रात्री, अमेरिकेचे निर्वाचित राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचे टोकन बाजारात आले. शपथविधीला तीन दिवस उरले होते. एकूण १०० कोटी टोकनांपैकी २० कोटी खुले करण्यात आले. ८० कोटी त्यांच्याशी संबंधित दोन कंपन्यांकडे राहिले, जे तीन वर्षांत हळूहळू मोकळे व्हायचे होते. दोन दिवसांत भाव ७० डॉलरच्या वर गेला. त्याच रविवारी त्यांच्या पत्नीच्या नावाचे दुसरे टोकन आले आणि पहिल्याचा भाव घसरला. मार्च महिन्यात तो १५ डॉलरच्याही खाली होता. टोकनच्या संकेतस्थळावर स्पष्ट म्हटले होते की ही गुंतवणूक नव्हे, पाठिंब्याची अभिव्यक्ती आहे. ८० आणि २० ची विभागणीही तेथे लपवलेली नव्हती.

त्यानंतर महिन्याभरातच, १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हावियर मिलेई यांनी समाजमाध्यमावर 'लिब्रा' नावाच्या टोकनची शिफारस केली. छोट्या उद्योगांना भांडवल मिळावे, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. टोकन नुकतेच, म्हणजे काही मिनिटांपूर्वीच जन्मले होते. भाव आकाशाला भिडला आणि काही तासांत ९० टक्क्यांहून अधिक कोसळला. आतल्या गोटातील पत्त्यांवरून कोट्यवधी डॉलर काढून घेतले गेल्याचे नोंदवहीत दिसत होते. मिलेई यांनी आपली शिफारस काही तासांत मागे घेतली. तपशील माहीत नव्हता, असे ते म्हणाले. घेण्याचा हेतू नसताना बोली वाढवून दुसऱ्याला भुरळ घालणे यास 'नजश' म्हणतात आणि प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केली आहे. जो स्वतः घेत नाही, तपासत नाही आणि तरीही आपल्या नावाचे वजन दुसऱ्याच्या तराजूत टाकतो, त्याचा व्यवहार या मनाईपासून फार दूर आहे, असे म्हणता येईल काय? आपल्याकडे यूट्यूबवर मोबदला घेऊन टोकनची स्तुती करणाऱ्यांनीही, त्यांत 'हलाल' हा शब्द लावून करणारेही आले, याचा विचार करावा.

लिब्राच्या बाबतीत न्याय करणे सोपे आहे. कठीण प्रश्न पहिल्या टोकनचा आहे. तेथे सर्व काही लिहिलेले होते. घेणारे सज्ञान होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पवित्र कुरआनने परस्परांच्या संमतीने होणारा व्यापार वैध ठरवला आहे. मग संमती झाली, विषय संपला, असे का म्हणू नये?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इमाम गझाली (रह.) यांच्या 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथातील व्यापारविषयक प्रकरण फार उपयोगी पडते. व्यापारातील न्यायाची कर्तव्ये सांगताना इमाम साहेब चार गोष्टींवर भर देतात. मालाची खोटी स्तुती करू नये, दोष लपवू नये, माप-वजनात कसूर करू नये, या तीन तर कोणीही सांगेल. चौथी गोष्ट आहे त्या घटकेच्या भावाविषयी सत्य बोलणे आणि त्यातले काहीही न लपवणे. याच ठिकाणी त्यांनी बसऱ्याच्या एका ताबिई व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे.

या व्यापाऱ्याचा एक गुलाम सूस या शहरी राहून त्याला साखर पाठवीत असे. एके वर्षी त्याने पत्र पाठवले की यंदा उसावर रोग पडला आहे, साखर घेऊन ठेवा. व्यापाऱ्याने बसऱ्यात एकाकडून पुष्कळ साखर घेतली. हंगाम आला, भाव चढला आणि त्याला तीस हजारांचा नफा झाला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तीस हजार मिळवले, पण एका मुस्लिम बांधवाचे हित चिंतण्याचे कर्तव्य गमावले, ही टोचणी त्याला लागली. सकाळी तो विकणाऱ्याच्या घरी गेला आणि तीस हजार त्याच्यापुढे ठेवले. हे माझे कसे, असे त्याने विचारले. व्यापाऱ्याने सांगितले की तुमच्याकडून साखर घेतली तेव्हा भाव चढणार हे मला ठाऊक होते, मी ते तुमच्यापासून लपवले. विकणारा म्हणाला, आता तुम्ही सांगितलेत, मी ही रक्कम तुम्हाला राजीखुशीने दिली. व्यापारी परतला. दुसरी रात्रही जागून काढली. कदाचित तो माझ्या भिडेने बोलला असेल, असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो पुन्हा गेला आणि रक्कम देऊनच आला.

या हकीकतीतील दोन गोष्टींवर थोडे थांबणे आवश्यक आहे. एक म्हणजे इमाम गझालींनी ती कोणत्या बाबात घातली आहे. त्यांच्या ग्रंथात व्यापारातील न्यायाचा बाब वेगळा आणि एहसानाचा, म्हणजे कर्तव्याच्या पलीकडील औदार्याचा, बाब वेगळा आहे. ही हकीकत न्यायाच्या बाबात आहे. म्हणजे त्या व्यापाऱ्याने काही असामान्य दानशूरपणा केला, असे इमाम साहेब मानत नाहीत. त्याने देणे फेडले, असे मानतात. काझीने हा सौदा रद्द केला असता काय? बहुधा नाही. साखर त्याने पूर्ण किमतीला घेतली होती, खोटे बोलला नव्हता. पण काझीच्या निकालापाशी न्याय संपतो, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी हा ग्रंथ लिहिलेला नाही.

दुसरी गोष्ट दुसऱ्या रात्रीची. विकणाऱ्याने सत्य कळल्यानंतर, उघडपणे, संमती दिली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर माहितीचे प्रकटीकरण पूर्ण झाले होते. तरीही व्यापाऱ्याला ती संमती पुरेशी वाटली नाही, कारण ती भिडेपोटी आलेली असू शकते, अशी त्याला शंका आली. संमतीचे शब्द आणि संमतीचे मन यांत अंतर असू शकते, हे त्याने ओळखले. भीड हे त्या अंतराचे एक कारण. हाव, गर्दीची धडकी, शेजाऱ्याचा नफा पाहून आलेली तळमळ, मध्यरात्री मोबाइलवर चढत जाणारा आकडा, ही इतर कारणे. टोकन उतरवणारा घटका निवडतो ती नेमकी ही कारणे सर्वाधिक जोरात असतील तेव्हाची. लिहिलेले असते, पण ते वाचण्याइतके शांत मन कोणाचे नसेल अशा वेळी ते लिहिलेले असते. भाव न जाणणाऱ्या, विकणाऱ्याच्या सचोटीवर विसंबून घेणाऱ्या माणसाला फिकहमध्ये 'मुस्तरसिल' म्हणतात. मालिकी आणि हंबली फकीहांनी अशा माणसाचे मोठे नुकसान झाल्यास त्याला सौदा मोडण्याचा हक्क दिला आहे. तू स्वतः हो म्हणालास ना, असे त्याला सांगून त्यांनी वाटेला लावले नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. प्रत्येक व्यापार कोणाच्या तरी अधिक माहितीवरच चालतो. जो दूरदेशी जातो, अभ्यास करतो, पत्रव्यवहार ठेवतो, त्याला अधिक कळते. ते सगळे प्रतिस्पर्ध्याला सांगत बसले तर कष्ट करायचे कशाला? हा आक्षेप साखरेच्या व्यापाऱ्यालाही लागू आहे, किंबहुना त्याच्या बाजूने आहे. त्याची माहिती चोरीची नव्हती. त्याच्या गुलामाने ती कष्टाने मिळवली होती आणि उसावरचा रोग त्याने स्वतः पाडला नव्हता. म्हणून माझे नम्र मत असे की प्रत्येक व्यापाऱ्याने त्याच्याप्रमाणे नफा परत केला पाहिजे, असा सार्वत्रिक नियम यातून काढणे अवघड आहे. फकीहांनीही तसा काढलेला नाही. काफिल्याला वाटेत गाठण्याची मनाई मात्र स्पष्ट आहे, आणि तेथेही विकणाऱ्याला बाजारात पोहोचून खरा भाव कळल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार हदीसमध्येच दिलेला आहे. शहरातला भाव शहरात उघड असतो. काफिल्याला तो कळू नये म्हणून पुढे धावणे, हा दोष.

परंतु टोकन उतरवणाऱ्याचे स्थान या दोघांहूनही निराळे आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न येथेच आहे. साखरेचा व्यापारी भविष्य जाणत होता, घडवत नव्हता. काफिला गाठणारा भाव जाणत होता, ठरवत नव्हता. टोकनचा मालक मात्र किती पुरवठा सोडायचा ते ठरवतो, बातमी कधी फोडायची ते ठरवतो, कुलूप कोणत्या दिवशी उघडायचे ते ठरवतो, आणि मग त्याच बाजारात विक्रेता म्हणून उभा राहतो. रोग पाडणाराही तोच आणि पत्र मिळालेलाही तोच. अशा माणसाला 'मला अधिक कळले, एवढेच' असा बचाव उपलब्ध राहत नाही. त्याला कळलेले नाही. त्याने केलेले आहे.

अमेरिकेतील कॉइनबेस या क्रिप्टो बाजारपेठेतील एका माजी व्यवस्थापकाची गोष्ट यासंदर्भात बोलकी आहे. कोणते टोकन त्या बाजारपेठेत कधी दाखल होणार, हे त्याला आधी कळत असे. दाखल होण्याची बातमी फुटली की भाव चढतो. त्याने ही वेळ आपल्या भावाला आणि एका मित्राला आधी सांगितली, त्यांनी आधी खरेदी करून दहा लाखांहून अधिक डॉलरचा नफा कमावला. २०२२ मध्ये त्याला अटक झाली, पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला दोन वर्षांची कैद झाली. नोकराने मालकाच्या घटकेची बातमी विकली तर ती चोरी. मालकाने स्वतःच्या घटकेचा असाच लाभ घेतला तर त्यास अनेकदा 'धोरण' म्हणतात. दोहोंत समोरच्या अजाण खरेदीदाराचे नुकसान सारखेच असते. कायद्याला यांत फरक करावा लागतो. ज्याला परलोकात हिशेब द्यायचा आहे त्याने तो किती करावा, हे पाहिले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रालाही याची झळ लागलेली आहे. बिटकॉइनवर दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या 'गेनबिटकॉइन' योजनेत पुण्यासह अनेक ठिकाणच्या लोकांनी आपली बिटकॉइन गुंतवली. परतावा देणे जड जाऊ लागले तेव्हा, २०१७ मध्ये, त्याच मंडळींनी 'एमकॅप' नावाचे स्वतःचे टोकन काढले आणि बिटकॉइनऐवजी ते लोकांच्या हाती ठेवले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. ती योजना मुळातच फसवी होती, तिची चर्चा येथे विस्ताराने नको. पण टोकनच्या जन्माची घटका तेथेही काय सांगत होती, एवढे ध्यानात घ्यावे : देणे फेडण्याची वेळ आली, तेव्हा टोकन जन्मले.

तेव्हा कोणी आपल्यापुढे नवे टोकन ठेवले तर ते कोणत्या तंत्रावर चालते, हे विचारण्याआधी ते आजच का आले, हे विचारा. आपल्या आधी कोणाला, कोणत्या भावाने मिळाले आणि त्यांची कुलपे कधी उघडणार? कोणी हे सांगण्यास टाळाटाळ केली, किंवा विचार करायला वेळच नाही, रात्री बारापर्यंतच दर आहे, असे म्हटले, तर कासेला हात लावून पाहण्याची गरज उरत नाही. आणि आपला मुलगा वा भाऊ पुण्यात, बंगळूरला वा दुबईत अशा एखाद्या प्रकल्पासाठी संगणकाचे काम करीत असेल, तर त्यानेही एक प्रश्न स्वतःला विचारावा : ही तारीख आम्ही का निवडली, याचे खरे कारण खरेदीदारांना वाचून दाखवले तर ते खरेदी करतील काय? प्रणाली तयार झाली, हे कारण वाचून दाखवता येते. लोकांच्या डोक्यात सध्या नशा आहे, हे वाचून दाखवता येत नाही. हजरत जरीर (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या माणसाने तीनशेला घोडा घेतला, तेव्हा त्यांनी स्वतः विकणाऱ्याकडे जाऊन घोडा याहून अधिक मोलाचा आहे असे सांगत आठशे दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी प्रेषितांच्या (स.) हाती केली होती.

शेवटी ज्यांनी असा नफा आधीच कमावला आहे त्यांच्याविषयी. साखरेच्या व्यापाऱ्याला कोणाच्या दारी जायचे ते ठाऊक होते. हजारो अनोळखी लोकांना टोकन विकणाऱ्याने कोणाचे दार ठोठवावे? ज्या मालाचा मालक सापडत नाही तो मालकाच्या वतीने सदका करावा, असे फकीह सांगतात, आणि असे प्रश्न विचारणाऱ्यांना सामान्यतः हेच उत्तर दिले जाते. परंतु ही सवलत मालक सापडत नाही तेव्हाची आहे. टोकनच्या नोंदवहीत थेट विक्रीतून घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव नसले तरी पत्ता कायमचा लिहिलेला असतो. कोणत्या क्षणी किती घेतले आणि किती दिले, हेही असते. त्या पत्त्यावर रक्कम परत पाठवण्यास मालकाचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. एक्स्चेंजमार्फत घेणाऱ्यांची नोंद त्या एक्स्चेंजपाशी असते. तेथे काम कठीण आहे, अशक्य नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की परत करायची रक्कम कोणत्या दिवसाच्या भावाने मोजावी. यावर आलिमांचे मार्गदर्शन घ्यावे. बसऱ्याच्या त्या व्यापाऱ्याने तीस हजारांतले काहीही मागे ठेवले नव्हते.